दहा मिनिटांचा दम

मेजरांचं एकदा सांगून भागत नसे. भाजीवाली दारात येऊन म्हणाली, "मेथी घ्या, ताजी हाय," की ते ओट्यावरून म्हणत, "परत सांग." ती परत सांगे. मग ते स्वतः सावकाश म्हणत, "मेथी. ताजी. एक जुडी दे." तिनं मान हलवली तरी त्यांचं समाधान होत नसे. "मान नको हलवू. मान अंधारात दिसत न्हाई. तोंडानं सांग." भाजीवाली भर उन्हात उभी असे.

मी सांगलीत शिकायला आले तेव्हा खोली बघून द्यायला वडील सोबत होते. फेटा, खांद्यावर घोंगडी, पायताणं दाराबाहेर काढून ठेवलेली. ते म्हणाले, "मेजर, पोरगी शिकतीया. खोली पायजे."

"परत सांगा."

वडिलांना वाटलं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. मेंढरांना हाळी द्यावी तशा आवाजात ते ओरडले, "पोरगी शिकतीया! खोली पायजे!" समोरच्या घराची खिडकी उघडली. मेजर मात्र खूश झाले. "आवाज एकदम साफ," ते म्हणाले, आणि त्यांनी खोली दिली.

ते खरे मेजर नव्हते. हवालदार म्हणून परत आले होते. पण आमच्या भागात पलटणीतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो स्वयंपाकी का असेना. हे मूळचे जावळीतल्या मेढ्याकडचे. अख्खी नोकरी त्यांनी बिनतारी संदेशाच्या सेटवर काढली, कानाला यंत्र लावून. बायको सांगलीची म्हणून उतारवयात इथं घर बांधलं. खाली ते दोघं, वर दोन खोल्या. एकीत मी आणि दुसरीत एक नर्स, जी सकाळी जाई ती दिवे लागल्यावरच परत येई. आम्हाला ते नावानं हाक मारत नसत. ती लोणंदची, म्हणून "लोणंद". मी आटपाडीच्या बाजूची, म्हणून "माणदेश".

"लोणंद, गेट लाव. माणदेश, टाकीचं पाणी बघ."

काकी, म्हणजे त्यांची बायको, भांडी घासताना म्हणत, "बघ गं बाई. लग्न झाल्यापास्नं मला पण 'सांगली' म्हणायचे. सासूबाईंनी झाडलं तवा थांबले."

मी हे सगळं गमतीनं लिहिते आहे, पण ते महिने गमतीचे नव्हते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. वडील आणि थोरले चुलते वर्षातले सहा-सात महिने मेंढरं घेऊन पश्चिमेला फिरतात. मी भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा त्यांना एवढंच समजलं की पोरगी दगडांचं शिकते. "दगडं आपल्याकडं काय कमी हायती व्हय?" असं आई म्हणाली होती. शेवटच्या वर्षाला मी भूजलाच्या पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी अर्ज केले. दोन्हीकडच्या मुलाखती ऑनलाइन होत्या. त्यासाठी फौजेत असलेल्या भावानं सुट्टीवर येताना कॅन्टीनमधून नवा लॅपटॉप आणला. आईनं जुन्या लुगड्याची त्याला पिशवी शिवली.

मेजरांच्या घरात वायफाय होतं. परदेशातल्या मुलीशी रविवारी बोलता यावं म्हणून त्यांनी ते घेतलं होतं. मला त्यांनी त्याचा पासवर्ड दिला, पण एक नियम घालून. "एक खोली, एक सेट. लॅपटॉप लावलास तर मोबाईल न्हाई. परत सांग." मी परत सांगितलं. मोबाईलला खोलीत रेंज एक काडी, तीही खिडकीच्या गजाला चिकटून उभं राहिलं तर.

लॅपटॉप लागला, दोन दिवस नीट चालला. माझे तास संपले आणि मी दिवसभर खोलीत अभ्यासाला बसू लागले, तेव्हापासून वायफाय जाऊ लागलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या लहान खुणेवर फुली येई. यादीतून मेजरांच्या वायफायचं नाव गायब होई आणि थोड्या वेळानं परत दिसे. परत दिसलं तरी आपोआप जोडलं जात नसे. मग मी पासवर्ड पुसून नवा टाकी. लॅपटॉप बंद करून सुरू करी. विमानाचं चित्र दाबून परत काढी. कुणीतरी म्हणालं ड्रायव्हर काढून परत टाक, तेही मोबाईलवर बघून बघून केलं. वीज वाचवायच्या सेटिंगमधली खूण काढली. सगळं केल्यावर वायफाय येई, आणि मला वाटे आपण दुरुस्त केलं. मग दुपारी परत जाई.

लॅपटॉप लुगड्याच्या पिशवीत घालून मी रिक्षानं दुरुस्तीच्या दुकानात गेले. मार्केट यार्डाच्या बाजूला ते दुकान, आत बसलं तरी कपड्यांना हळदीचा वास लागे. तिथं लॅपटॉप तासभर चालू ठेवला. एकदाही वायफाय गेलं नाही.

"मॅडम, इथं तर मस्त चालतंय," दुकानदार म्हणाला.

"घरी जातं हो."

"मग आतला अँटेना वीक असंल. नव्या पीसमध्ये पण असतंय कधी कधी. ठेवून जावा आठ दिवस."

आठ दिवस ठेवणं शक्य नव्हतं. पहिली मुलाखत चार दिवसांवर होती. कंपनीच्या मदतीच्या क्रमांकावर एक बाई रोज तेच सांगे, बंद करून चालू करा. मी म्हणे, केलं. ती म्हणे, पुन्हा एकदा करा. थकून मी हो म्हणायला शिकले.

पहिली मुलाखत अकराला सुरू होणार होती, पण पाच-सहा मिनिटं आधीच झाली. समोर तिघे जण होते. त्यातल्या एका वयस्क सरांनी विचारलं, "तुमच्या गावातल्या विहिरीत वरून खाली कोणते थर लागतात?" मला इतका आनंद झाला. हे मला पुस्तकातून नाही, डोळ्यांनी माहीत होतं. आमची विहीर तीन वेळा खोल केली, तेव्हा प्रत्येक वेळी मी काठावर बसून बघितलं होतं. मी सांगायला लागले. वर हातभर माती, मग पिवळा मुरूम, मग मऊ खडक. सर हनुवटीला हात लावून स्थिर ऐकत होते. मी काळ्या पाषाणापर्यंत पोचले, त्यातल्या भेगांबद्दल बोलले, पाणी कोणत्या भेगेतून येतं ते सांगितलं. बरंच बोलल्यावर लक्षात आलं की सरांची पापणी हललेली नाही. मी एका गोठलेल्या चित्राशी बोलत होते. कोपऱ्यात फुली होती.

परत जोडेपर्यंत ते निघून गेले होते. मी पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं, पण नाही असंच होतं. आता एक मुलाखत उरली होती, पुण्याची, तीन आठवड्यांनी, गुरुवारी अकरा वाजता. त्यांच्या सूचनेतही लिहिलं होतं की मध्येच संपर्क तुटला तर मुलाखत पुन्हा घेतली जाणार नाही. मैत्रिणींच्या खोल्यांवर जावं तर तिथं मोबाईलच्या रेंजवरच सगळं चाले. कॉलेजची प्रयोगशाळा परीक्षांसाठी बंद.

मी जिन्यात बसून रडत होते तेव्हा मेजर वर टाकी बघायला चालले होते. ते दोन पायऱ्या खाली थांबले.

"माणदेश, काय झालं?"

मी सांगितलं.

"परत सांग. रडणं वगळून."

मी परत सांगितलं. ते म्हणाले, "कॅन्टीनचा माल हाय. खराब असणार न्हाई. फॉल्ट लाईनमध्ये हाय." मग खाली गेले आणि एक लांबट, कडक पुठ्ठ्याची वही घेऊन आले. रकाने आधीच आखलेले होते. वेळ, जागा, हवा, काय करत होते, काय पाहिलं, किती वेळ.

"हात लावायच्या आधी ल्ह्यायचं," ते म्हणाले. "लाईन गेली की लोक आधी हात लावत्यात. बटणं दाबत्यात. मग फॉल्ट पळून जातो. तू हात बांधून बस. घड्याळ बघ. लिही. आन् जे दिसलं तेच लिही. वहीला हुद्दा नसतो. साहेबाची चूक असली तर साहेबाची लिही. परत सांग."

"वहीला हुद्दा नसतो," मी म्हणाले.

तेव्हापासून वायफाय गेलं की मी हात मांडीवर ठेवून बसू लागले. हे फार अवघड असतं. बोटं आपोआप बटणाकडं जातात. रोज संध्याकाळी मेजर वही मागवून घेत, चष्मा लावून ओळ न् ओळ वाचत आणि प्रत्येक नोंदीपुढं लाल पेननं खूण करत. मग दुसऱ्या दिवशी कारवाई. पहिल्यांदा त्यांनी माझ्या खोलीतली लोखंडी ट्रंक गॅलरीत काढायला लावली. मग गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार सोडली, कारण "तार लाईन खाती". काकींची ओली लुगडी दोन दिवस कठड्यावर लोंबत होती. शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडवर त्यांचा फार संशय होता. ते शेजाऱ्याला म्हणाले, "शेड चार फूट मागं घेता का?"

"मेजर, शेडमधी म्हैस हाय."

"म्हशीला पण घ्या की मागं."

मला लॅपटॉप उचलून त्यांच्या मागून फिरावं लागे. खिडकी, गॅलरी, जिना, टाकीची सावली. ते कोपरा दाखवत, मी बसे, ते कमरेवर हात ठेवून आकाशाकडं बघत, जणू वायफाय वरून येत होतं. मला अभ्यासाला वेळ उरत नव्हता. पण माझ्यासाठी इतका खटाटोप आजवर कुणी केला नव्हता, त्यामुळं मला नको म्हणवत नव्हतं.

दहा-बारा दिवस झाल्यावर ते संध्याकाळी वही वाचता वाचता म्हणाले, "ह्या दुश्मनाला घड्याळ हाय." मला पण ते दिसलं होतं. अकरा, तीन, सहा. रोज. हवा कशीही असो, लॅपटॉप कुठंही असो. आणि रविवारी एकही नोंद नाही.

"रविवारी दुश्मन सुट्टीवर," मेजर म्हणाले आणि वही मिटली.

मुलाखतीच्या आधीच्या सोमवारी मी काकींची रिकामी वाटी द्यायला खाली गेले. अकराला दोन-तीन मिनिटं कमी असतील. काकी देवळात गेल्या होत्या. मधल्या खोलीच्या दारात मी थांबले. सांगलीत पूर बघितलेल्या घरांत सगळं उंचावर असतं. त्यांच्या भिंतीवर पुराची मातकट रेघ माझ्या डोक्याच्या वर होती, आणि विजेचा बोर्ड, वायफायची डबी, मुलीचा फोटो, सगळं त्या रेघेच्याही वर. मेजर स्टुलावर चढले होते. एक हात भिंतीला, गुडघा जपत. त्यांनी डबीवर तळहात ठेवला, आई तापल्या मुलाच्या कपाळाला लावते तसा. मग बटण बंद केलं. हिरवे दिवे गेले. मग ते स्टुलावरून उतरले आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत सावधान उभे राहिले. मी वाटी घेऊन तशीच वर आले. दहा मिनिटांनी यादीत नाव परत दिसलं.

मी चिडायला हवं होतं. पहिली मुलाखत आठवून मी चिडलेही, पण ते फार टिकलं नाही. मोठ्या माणसाला त्याची चूक तोंडावर सांगायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. आणि त्यांनी तर माझ्यासाठी म्हशीला मागं सरकवायला सांगितलं होतं. दुपारभर मी शब्द जुळवत बसले. काका, रागवू नका. मेजर, एक विचारू का. एकही वाक्य पुढं जाईना. शेवटी वही उघडली.

वेळ, अकरा. जागा, खालची मधली खोली. हवा, कोरडी. काय करत होते, वाटी द्यायला गेले होते. काय पाहिलं, मेजर डबीचं बटण बंद करून उभे. किती वेळ, दहा मिनिटं.

वही त्यांच्या खुर्चीवर ठेवली आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी हाक आली नाही. मंगळवारीही आली नाही. अकराला वायफाय गेलं, तीनला गेलं. मला वाटलं, आता खोलीही जाणार.

मंगळवारी उतरत्या उन्हात मी गच्चीवर होते, तेव्हा काकी मिरच्या गोळा करायला आल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "वाचलं मी. त्यांचा राग धरू नगंस."

"काकी, मला राग नाही. पण ते बंद का करतात?"

"इस्रांती देत्यात त्याला. दिवसातनं तीनदा. तू आकराला कालेजात असायचीस, तवापास्नं चालू हाय. मला काय ठावं तुझं त्याच्यापायी बंद पडतंय. आन् रविवारी पोरीचा फोन कवा येईल नेम न्हाई, म्हणून रविवारी न्हाई."

मग त्यांनी मिरच्या खाली ठेवल्या आणि सांगितलं. मेजरांची, लग्नाच्या आधीची गोष्ट. बर्फातली चौकी, माणसं मोजकी आणि सेट एकच. दुसऱ्या चौकीवरच्या सेटवर जावळीचाच एक गडी होता. त्या दिवशी दोघं गावाकडच्या गप्पा मारत बसले. भात लावला का, कुणाचं लग्न ठरलं. सेटला मधून मधून बंद ठेवून दम द्यायचा असतो, तो दिला नाही. सेट तापला आणि मेला. त्याच संध्याकाळी मेजरांच्या चौकीवरच्या जोडीदाराचे पाय बर्फानं बधिर झाले. खाली निरोप जाईना. दुसऱ्या दिवशी मेजर त्याला पाठीवर घेऊन उतरले.

"वाचला की तो," काकी म्हणाल्या. "पायाची बोटं गेली. लय गुणी माणूस. दर दिवाळीला फोन करतो. मी बोलती. हे अंगणात जाऊन हुबं ऱ्हात्यात."

बुधवारी सकाळी खालून हाक आली. "माणदेश!"

मेजर खुर्चीत होते, मांडीवर वही. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडं न बघता त्यांनी वही पुढं केली. "शेवटची नोंद वाच."

मी वाचली.

"परत सांग."

मी परत वाचली. "मेजर डबीचं बटण बंद करून उभे" इथं त्यांनी डोळे मिटले.

"बरोबर," ते म्हणाले. लाल पेननं खूण केली, खाली सही केली. "दुश्मन मीच. तुझी पयली मुलाखत म्या घालवली." मी नाही नाही म्हणू लागले तर त्यांनी हात वर केला. "वहीत हाय ते हाय. उद्या किती वाजता?"

"अकरा."

"किती वेळ?"

"पाऊण तास. कदाचित तास."

ते वर डबीकडं बघत राहिले. "तासभर बिनदम," ते हळूच म्हणाले. "तापंल ती."

"ती तापली तरी चालते, मेजर. असल्या डब्या कायम चालू ठेवायलाच असतात."

"आमाला पण तसंच वाटलं हुतं," ते म्हणाले.

गुरुवारी पावणेअकराला मी लॅपटॉप उघडून बसले. खालून काही आवाज नव्हता. अकराला माझी नजर आपोआप घड्याळाकडं गेली. कोपऱ्यात फुली आली नाही. अकरा-दहा झाले. समोरच्या बाई प्रश्न विचारत होत्या आणि मी अर्धं लक्ष त्या लहान खुणेवर ठेवून उत्तरं देत होते. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे पाण्याचा प्रश्न आहे ना? विहिरी कशा आहेत तिकडे?" मी परत वरच्या मातीपासून सुरुवात केली. माती, पिवळा मुरूम, मऊ खडक. मध्येच थांबून विचारलं, "मॅडम, ऐकू येतंय का?" त्या हसल्या. "येतंय. खडकाच्या पुढे सांगा." मी काळ्या पाषाणापर्यंत गेले, भेगेपर्यंत गेले, पाण्यापर्यंत पोचले. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

मला प्रवेश मिळाला. लगेच नाही, आधी प्रतीक्षा यादीत नाव होतं, मग पावसाळ्यात पत्र आलं. आता मी पुण्यात असते. इथं वसतिगृहात वायफाय गेलं की मुली ओरडतात आणि सगळ्या एकदम बटणं दाबतात. मी आधी घड्याळ बघते. काकींचा फोन येतो. दिवाळीला मेजर आता फोन घेतात का, हे प्रत्येक वेळी विचारायचं ठरवते आणि राहून जातं.

त्या दिवशी मुलाखत संपल्यावर मी जिना उतरून खाली आले. मधल्या खोलीत मेजर स्टुलावर उभे होते. डाव्या हातानं खिडकीची चौकट धरलेली, दुखरा गुडघा भिंतीला टेकलेला, आणि उजव्या हातात काकींचा शिंदीच्या पानांचा विंझणा. ते डबीला वारा घालत होते. शर्ट पाठीला चिकटला होता. दिवे हिरवे होते.

"धा वाजल्यापास्नं," काकी स्टूल धरून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या. "छताचा पंखा हाय म्हटलं तर म्हंत्यात त्याचा भरवसा न्हाई. मला पण हात लावू देईनात."

"मेजर, झालं," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला नाही. "परत सांग."

"मुलाखत झाली. लाईन गेली नाही."

त्यांनी विंझणा काकींकडं दिला, डबीवर तळहात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मग खाली उतरले, आम्ही दोघींनी धरून उतरवलं. वही मागितली. वारा घालून हात भरून आला होता, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे. ती वही त्यांनी मला पुण्याला जाताना दिली, त्यामुळं शेवटची ओळ मी अजून बघू शकते.

गुरुवार. दहा ते बारा. लाईन चालू. सेट गार.